तूर दाबून ठेवावी की डाळ करून मोकळं व्हावं? आयात, सरकारी साठा आणि तालुक्यातले पाच-सात खरेदीदार

दिग्रस_रोड

दारव्हा-दिग्रस पट्ट्यातली शेतकरी उत्पादक कंपनी आहे, सभासद ३१०. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या नमुन्याची मिनी डाळमिल आहे, तासाला साधारण १ क्विंटल निघते. गोदाम ८० टनांचं. तुरी सध्या शेंगेत आहेत, जानेवारीत आवक सुरू होईल.

संचालक मंडळात दोन मतं पडली आहेत. एक गट म्हणतो, जानेवारी-फेब्रुवारीत भाव पडलेला असतो, तेव्हा ६०० क्विंटल घ्या आणि दिवाळीपर्यंत दाबून ठेवा. दुसरा गट म्हणतो, तूर आली की डाळ पाडा, विका, पुन्हा तूर घ्या. पहिल्या गटाला विचारलं की भाव वाढेलच कशावरून, तर उत्तर एवढंच की "दरवर्षी वाढते". पण तसं काही दिसत नाही. कधी वाढते, कधी हमीभावाच्या खाली पडूनच राहते.

तर जाणकारांना विचारायचं आहे :
सरकारचा कडधान्याचा साठा आणि आयात यांचा आमच्या बाजार समितीतल्या भावाशी नेमका हिशेब कसा लावायचा? साठवणुकीचा खरा खर्च क्विंटलमागं किती धरायचा? आणि आमच्या बाजारात खरेदीदार पाच-सातच आहेत, बोली त्यांच्याच हातात. त्याचं काय करायचं?

आवकजावक

भाऊ, तुरीचा भाव दारव्ह्यात ठरत नाही आणि खरं म्हणजे अकोल्यातही पूर्ण ठरत नाही. त्याला एक छत आहे. बाहेरची तूर अकोल्याच्या मिलच्या दारात किती रुपयांना येऊन पडते, ते ते छत. हा हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो.

समजा लेमन तुरीचा (म्यानमारचा माल) बंदर-पोच भाव टनाला ७५० डॉलर आहे आणि डॉलर ८८ रुपये. म्हणजे टनाला ६६,००० रुपये, क्विंटलला ६,६००. त्यात बंदराचा खर्च, हमाली, दलाली आणि अकोल्यापर्यंतचं भाडं मिळून ४०० धरा. झाले ७,०००. आयात शुल्क शून्य असेल तर मिलवाला तुमच्या तुरीला ७,००० पेक्षा फार जास्त का देईल? आपल्या लाल तुरीचा उतारा (क्विंटलमागं निघणारी डाळ) आणि चव यासाठी थोडा चढा भाव देईल, एवढंच.

आता हे आकडे हलवून पाहा. डॉलर एका रुपयानं महागला की क्विंटलला ७५ रुपये वाढतात. तिकडचा भाव टनाला ५० डॉलरनं उतरला की इकडं ४४० रुपये उतरतात. सरकारनं १० टक्के शुल्क लावलं तर ६६० रुपये चढतात. म्हणून आधी शुल्काची अधिसूचना पाहायची, मग म्यानमार-आफ्रिकेचा भाव, मग डॉलर. पाऊसपाण्याच्या बातम्या त्यानंतर.

तुरीची आयात मे २०२१ मध्ये मुक्त केली आणि मुदत वेळोवेळी वाढवत नेली. २०२५ मध्ये ती ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढवली होती. मुदत अशी मार्चअखेर संपते तेव्हा ऐन आवकेच्या काळात दिल्लीत हा निर्णय होतो. तो होईपर्यंत मोठा साठा बांधणं हा जुगार आहे, धंदा नाही. शिवाय मोझांबिकशी २०१६ मध्ये आयातीचा करार झाला, पुढं तो वर्षाला २ लाख टनांवर गेला, २०२१ मध्ये मलावी आणि म्यानमारशीही झाला. आफ्रिकेतली काढणी ऑगस्टच्या आसपास सुरू होते आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हा माल (बाजारात याला मटवारा, गजरी, अरुषा म्हणतात) मुंबईत उतरत राहतो. म्हणून "दिवाळीपर्यंत ठेवू" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा की तुम्ही नेमके आफ्रिकेच्या मालासमोर विकायला उभे राहणार.

राहिला प्रश्न गंगाजळीचा (देशाकडच्या परकी चलनाच्या साठ्याचा), कारण कुणीतरी विचारणारच. रुपया झपाट्यानं घसरायला लागला की रिझर्व्ह बँक आपल्या साठ्यातले डॉलर विकते आणि घसरण आवरते. त्यानं आयात स्वस्त राहते, म्हणजे वरच्या हिशेबातला ८८ चा आकडा एकदम ९२ होत नाही. १९९१ मध्ये दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच डॉलर उरले आणि सोनं गहाण टाकावं लागलं. सप्टेंबर २०२४ मध्ये हीच गंगाजळी ७०० अब्ज डॉलरच्या वर होती. तिजोरी अशी भरलेली असताना डाळ महागली की आयातीचं दार उघडायला सरकारचा हात आखडत नाही. शहरातला ग्राहक ओरडला की दार उघडतं, कास्तकार ओरडला की समिती बसते.

कास्तकार_मंगरूळ

आवकजावक दादांचं छत बरोबर आहे, पण जमिनीबद्दल (म्हणजे हमीभावाबद्दल) ते बोललेच नाहीत. तुरीचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामाला ८,००० होता (२०२४-२५ मध्ये ७,५५०). २०२५ च्या अर्थसंकल्पात तूर, उडीद, मसूर चार वर्षं नाफेड आणि एनसीसीएफ (सरकारसाठी खरेदी करणाऱ्या सहकारी संस्था) शेतकरी देईल तेवढं घेतील असं जाहीर केलं आहे. एरवी हमीभाव खरेदीला उत्पादनाच्या २५ टक्क्यांची मर्यादा असते. मग बाजारात ७,००० असताना सभासदानं कंपनीला तरी का द्यावी? केंद्रावर द्यावी.

कंपनीनं हमीभाव केंद्रच घ्यावं. भाव पडो की चढो, हाताळणीचे पैसे निघतात आणि भांडवल अडकत नाही.

आवकजावक

केंद्र जरूर घ्या, पण त्या जमिनीत भोकं आहेत. एक, ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणि काडीकचरा २ टक्क्यांच्या आत लागतो. जानेवारीची पहिली तूर १३-१४ ला असते, ती परत जाते. दोन, सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत तुरीची नोंद नसेल तर नोंदणीच होत नाही. आपल्याकडं सोयाबीनमध्ये किंवा कपाशीत तुरीचं तास (ओळ) असतं आणि नोंद नुसती सोयाबीनची करून ठेवतात. तीन, हेक्टरी उत्पादकतेची मर्यादा जिल्ह्यानुसार ठरते, त्यावरचा माल उरतो. चार, बारदाना (पोती) कमी पडतो. आणि पैसे खात्यात येतात ते मोजमापानंतर काही दिवसांनी, तर सोसायटीचं कर्ज ३१ मार्चला भरायचं असतं. २०१६-१७ आठवा. भाव बोनससह ५,०५० जाहीर होता, पीक उदंड आलं, बाजार त्याच्या पार खाली गेला आणि केंद्रांसमोर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. त्याच्या आदल्या वर्षी डाळ २०० रुपये किलोनं विकली गेली होती, म्हणून सगळ्यांनी तूर पेरली होती.

आणखी एक. केंद्रावर घेतलेली तूर सरकारच्या राखीव साठ्यात जाते. हा साठा ग्राहकाचा भाव आवरायला आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही, योजनेचं नावच भाव स्थिरीकरण. भाव चढला की नाफेडचे लिलाव निघतात. जुलै २०२३ मध्ये 'भारत डाळ' म्हणून हरभरा डाळ ६० रुपये किलोनं बाजारात आणली, ती याच साठ्यातून. आणि साठा रिकामा असला तर दुसरं हत्यार निघतं, ते म्हणजे साठामर्यादा, कुणी किती माल ठेवायचा याची सरकारी हद्द.

वखार_पावती

साठामर्यादेचं मी सांगते, कारण इथं छोट्या कंपन्या हमखास अडकतात.

२ जून २०२३ ला तूर-उडदावर मर्यादा लागली. त्याच सप्टेंबरमध्ये घाऊक व्यापाऱ्याची मर्यादा २०० टनांवरून ५० टनांवर आणली. २१ जून २०२४ ला तूर आणि हरभऱ्यावर पुन्हा लागली : घाऊक २०० टन, किरकोळ ५ टन, आणि मिलला मागच्या तीन महिन्यांचं उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या २५ टक्के, यातलं जास्त असेल ते. आता तुमचा हिशेब करा. तासाला १ क्विंटल, दिवसाला ८ तास, वर्षाला २५० दिवस, म्हणजे क्षमता २,००० क्विंटल. त्याचे २५ टक्के ५००. तुम्ही ठेवणार ६००. जूनमध्ये आदेश निघाला की १०० क्विंटल दिलेल्या मुदतीत काढावेच लागणार, आणि तेव्हा सगळेच काढत असतात, म्हणजे भाव पडलेला. दर आठवड्याला ग्राहक व्यवहार विभागाच्या पोर्टलवर साठा जाहीर करायचा आदेशही येऊ शकतो. तो भरला नाही तर मर्यादेच्या आत असूनही नोटीस येते.

यातून सुटायची साधी वाट अशी की कंपनीनं सगळा माल स्वतःच्या नावावर घ्यायचाच नाही. सभासदानं आपली तूर आपल्या नावानं वखारीत ठेवायची, कंपनीनं फक्त वाहतूक, चाळणी आणि कागद सांभाळायचे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना बाजार समितीमार्फत असते : मालाच्या किमतीच्या ७५ टक्के, ६ टक्के व्याज, १८० दिवस. ती शेतकऱ्यालाच मिळते, व्यापाऱ्याला नाही. मुदत उलटली की व्याज चढतं, म्हणून फेब्रुवारीत ठेवलेला माल जुलैअखेर निकाली काढायचा. हे आवकजावक यांच्या आफ्रिकेच्या वेळापत्रकाशीही जुळतं. कंपनीच्या नावानं ठेवायचा असेल तर नोंदणीकृत वखारीची इलेक्ट्रॉनिक पावती घ्या, बँक तिच्यावर कर्ज देते. साध्या छापील पावतीवर आता बँका नाक मुरडतात.

क्विंटलमागं खर्च (तूर ७,२०० ला घेतली, पाच महिने ठेवली असं धरून) :

बँकेचं व्याज ११ टक्क्यांनी ३३० रुपये. तारण योजनेत ५,४०० वर ६ टक्क्यांनी १३५. भाडं महिन्याला १२ धरलं तर ६०. दोनदा हमाली, विमा, धुरी (कीड मारायचा गॅस) मिळून ४०. आणि जो खर्च कुणीच लिहीत नाही तो म्हणजे घट. १२ टक्के ओलाव्याची तूर उन्हाळ्यात १० वर येते, १०० किलोचे ९७.८ होतात. २.२ किलो हवेत गेले, म्हणजे १६० रुपये. बेरीज बँकेच्या पैशावर ५९०, तारणावर ३९५. म्हणजे जुलैमध्ये ७,८०० मिळाले तरी बँकेच्या पैशावर हाती १० रुपयेच उरतात.

धुरीबद्दल : भुंगेरा नुसता गोदामातच लागतो असं नाही, अंडी शेतातूनही शेंगेवर येतात. त्यामुळं माल स्वच्छ दिसतो म्हणून थांबू नका, थप्पी लावल्या लावल्या पहिली धुरी. टनाला ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या ३ ग्रॅमच्या ३ गोळ्या, हवाबंद ताडपत्रीखाली किमान ७ दिवस, कडेला वाळूच्या पिशव्या. ताडपत्रीला भोक असेल तर गॅस निघून जातो, किडे मरत नाहीत आणि औषधाला सरावतात. हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या, गोदामाला लागून कुणी राहत असेल तर करूच नका. थप्पी भिंतीपासून दोन फूट आणि फळ्यांवर.

मिल_मिस्त्री

भावाचा अंदाज सगळे करून राहिले, उताऱ्याचं कोणी बोलून नाही राहिलं. मिनी मिलचा नफा उताऱ्यात आहे.

१०० किलो तुरीतून चांगल्या हाताखाली असं निघते : फटका (पहिल्या प्रतीची डाळ) ६२ किलो, सव्वा नंबर (त्याखालची प्रत) ८, कणी (तुकडा) ५, चुणी (भुगा, जनावरांचा खुराक) १२, टरफल १०, घट ३. भाव धरा फटका ११०, सव्वा नंबर ९५, कणी ५०, चुणी २४, टरफल १२. बेरीज ८,२३८ रुपये. तूर मिलपोच ७,४००. मजुरी, वीज, तेल, बारदाना ४००. विक्रीची दलाली आणि भाडं १५०. राहिले २८८.

आता एक किलो माल फटक्यातून चुणीत गेला की ८६ रुपये गेले. चार किलो गेले की ३४४, म्हणजे तुम्ही तोट्यात. तुरीचा भाव शंभरानं इकडं-तिकडं झाला त्याहून हे मोठं आहे. आणि हे तुमच्या हातात आहे.

कुठं जाते ही डाळ? पहिली जागा प्रतवारी. न चाळलेली तूर रोलरवर टाकली की जाड दाणा फुटते आणि बारीक दाण्याचं टरफल तसंच राहते. तीन चाळण्यांत वेगळी करा, प्रत्येक प्रतीला रोलरमधली फट वेगळी. पांढरी तूर (बीडीएन ७११) आणि लाल (बीडीएन ७१६, बीएसएमआर ७३६) एकत्र घेऊ नका, टरफल सुटण्याचा वेळ सारखा नाही आणि डाळही दोन रंगांची दिसते.

दुसरी जागा तेल-पाणी. रोलरवर दाण्याला नुसते ओरखडे पाडायचे, सोलायचं नाही. मग क्विंटलला ३०० ते ५०० ग्रॅम तेल चोळून रातभर ढीग झाकून ठेवा. दोन दिवस ऊन द्या, नंतर हलकं पाणी मारून पुन्हा रातभर ढीग, मग पुन्हा ऊन. दाणा ९-१० टक्क्यांवर आला की मिलवर घ्या. जानेवारीची ताजी तूर चिकट असते, टरफल आणि डाळीमधला डिंक सुटत नाही, तिला तेल जास्त लागते आणि एक ऊन जास्त लागते. ढगाळ हवेत घाई केली की गोटा (न फुटलेला अख्खा दाणा) निघते, डाळ होत नाही, आणि तोच गोटा दुसऱ्यांदा फिरवला की कणी वाढते. एमरीचा (खरखरीत दगडी लेपाचा) रोलर गुळगुळीत झाला की लोकं दाब वाढवतात. दाब वाढवला की पूड होते. रोलर टाचून घ्या नाहीतर बदला.

म्हणून माझं मत दुसऱ्या गटाकडं. दिवसाला ८ क्विंटल चालवा, १०-१५ दिवसांचा कच्चा माल जवळ ठेवा, फिरवत राहा. एकच गोष्ट साठवा, ती म्हणजे एप्रिल-मे महिन्याची वाळवण. पावसाळ्यात ऊन नाही, तेव्हा मिल बंद राहते आणि डाळीला मागणी असते. जूनच्या आधी ६०-७० क्विंटल तेल-पाणी करून वाळवलेला माल तयार ठेवला तर पावसात नुसता फोडायचा.

दिग्रस_रोड

चौघांचे आभार. उताऱ्याची वही आमच्याकडं नाहीच, एकूण तूर आणि एकूण डाळ एवढंच लिहितो. घाणीवार (प्रत्येक फेरीचं वेगळं) लिहायला सुरुवात करतो.

तिसरा प्रश्न राहिला. बाजार समितीत पाच-सात खरेदीदार, त्यातले तिघं एकाच मिलसाठी घेतात. कंपनी बोलीला उतरली की पहिल्या दिवशी भाव चढवतात, आम्ही थांबलो की पुन्हा खाली. शिवाय खेडा खरेदीवाले घरून उचलतात.

आवकजावक

आधी मोजा, मग भांडा. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर मिळतो. महिनाभर अकोला, कारंजा आणि तुमचा तालुका यांचे सर्वसाधारण दर शेजारी लिहा. अकोल्याचं भाडं, हमाली धरून १००-१२० पडत असेल आणि फरक रोज ३०० निघत असेल, तर वरचे १८०-२०० ही त्या पाच-सात जणांच्या ताकदीची किंमत. फरक १५० च्या आत असेल तर संगनमताची ओरड करू नका, तो भाड्याचाच आहे. कमाल दरावर जाऊ नका, तो एका पोत्याचाही असतो.

ती ताकद येते कुठून? बोलीतून कमी, रोखीतून जास्त. जानेवारीत कास्तकाराला आज पैसे लागतात, हरभऱ्याचं पाणी, मजुरी, लग्नसराई. खेडा खरेदीवाला दारात रोख मोजतो आणि वजनात दोन-तीन किलो कापतो, वर कडता (पोतं-कचऱ्याच्या नावानं आणखी कपात). क्विंटलला ३ किलो म्हणजे २१० रुपये, तेवढं व्याज कुठलीच बँक पंधरा दिवसांना घेत नाही. तुम्ही तोलाच्या दिवशी ७०-८० टक्के खात्यात टाकू शकलात तर खेडा खरेदी तुमच्यासमोर टिकत नाही. म्हणून तुमचं भांडवल ६०० क्विंटल दाबून ठेवण्यात घालू नका, उचल द्यायला वापरा. ६०० क्विंटलला ७,२०० नं लागणारे तेच ४३ लाख हंगामात चार वेळा फिरतात.

दुसरं, बोलीला उतरून भाव चढवणं हे तुमचं काम नाही. थेट पणन परवाना पणन संचालकांकडून घ्या आणि स्वतःच्या गोदामात खरेदी करा. बाजार शुल्क भरावं लागेल, ते भरा, पावती ठेवा. १६ टनांची गाडी भरेल एवढा एकसारखा माल (ओलावा ११, एकच रंग, चाळलेला) जमला की अकोला आणि नागपूरच्या चार-पाच मिलना नमुना पाठवून एकाच दिवशी दर मागवा. सुट्या पोत्याला मिल दर देत नाही, गाडीला देते. दर लेखी घ्या : मिलपोच की गोदामपोच, वजन कुणाच्या काट्यावर, ओलावा वाढला तर किती कपात, पैसे किती दिवसांत. पहिल्या दोन गाड्या आगाऊ रकमेशिवाय सोडू नका.

वखार_पावती

एक पुरवणी. तुरीचे वायदे २००७ पासून बंद आहेत, त्यामुळं पुढच्या महिन्याचा भाव आजच बांधून ठेवायची सोय नाही. म्हणून गाडीचा सौदा झाला त्याच दिवशी सभासदाचा भाव ठरवा. आधी ठरवून नंतर विकायला निघालात तर मधली घसरण कंपनीच्या अंगावर.

मिल_मिस्त्री

आणि डाळ विकताना, २५ किलोपर्यंतच्या छापील लेबलच्या पाकिटावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या कट्ट्यावर नाही. किराणावाल्याले ३० किलोचा कट्टा द्या. अर्धा-एक किलोची पाकिटं करायची तर दर त्या हिशेबानं लावा, पाकिटावर वजन, तारीख, परवाना क्रमांक आणि पत्ता पाहिजे, काट्याले दरवर्षी वैधमापनचा शिक्का. चुणी साठवू नका, पंधरा दिवसांत खवट होते. दूधवाल्याले आठवड्याले देऊन टाका.